एकानं कापायचं, दुसऱ्यानं उचलायचं

कोर्टाची तारीख असली की थोरला आदल्या संध्याकाळीच दाढी करून यायचा. सकाळी इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट, नखांत अडकलेला लाकूड चिकटवायचा सरस रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढलेला. बायको दारात उभी राहून त्याला खालून वर न्याहाळायची आणि म्हणायची, "निघाले नवरदेव." तो काही बोलायचा नाही. बोलायचं नसायचं असं नाही, पण बोलणं ही गोष्ट त्याला आयुष्यात कधी नीट जमलीच नव्हती.

तारखेला असायचं तरी काय? लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकवलेलं एक बाक, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि आतून पुकारा कधी होतोय याची वाट बघत बसलेली माणसं. बाकाच्या एका टोकाला थोरला बसायचा, दुसऱ्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ. मधे दोघांचे वकील, त्यांच्या फुगलेल्या पिशव्या आणि कुणाची तरी डुलक्या काढणारी म्हातारी. बापाच्या मागं राहिलेलं सुतारकामाचं दुकान आणि घर यांची वाटणी मागायला धाकट्यानं दावा लावला होता. दावा इतका जुना झाला होता की दोघांचेही केस पिकले, तरी गल्लीत त्यांना अजून थोरला आणि धाकटाच म्हणत. एवढ्या वर्षांत धाकटा त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. थोरला मात्र तिरक्या नजरेनं त्याला बघून घ्यायचा. खोकला वाढलाय, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय, चपला नव्या आहेत, अशा बातम्या घरी येऊन बायकोला सांगायचा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा शहाणा ती पायरी नटूनथटून चढायचा, कारण भाऊ दिसायचा तो फक्त तिथंच.

बाप सुतार होता. दारं, खिडक्या, चौकटी हे त्याचं काम. त्यानं पोरांना मार फार दिला नाही आणि उपदेशही फार केला नाही, पण जे सांगितलं ते असं ठोकून बसवलं की पुन्हा हललं नाही. घरात काहीही वाटून घ्यायचं असलं, पावाचा तुकडा असो की उरलेली चांगली फळी, नियम एकच. एकानं कापायचं, दुसऱ्यानं उचलायचं. कापणाऱ्याला ठाऊक असतं की आधी उचलणार तो दुसरा, त्यामुळे तो आपोआप सारखं कापतो आणि भांडायला जागाच राहत नाही. हात स्थिर म्हणून कापायचं काम कायम थोरल्याकडे. धाकटा दोन्ही तुकड्यांवर वाकायचा, उलटेपालटे करून बघायचा, वास घ्यायचा आणि मग उचलायचा. कारण बापाची दुसरी शिकवण त्यानं जरा जास्तच मनावर घेतली होती. वखारीत लाकूड घ्यायला गेलं की बाप म्हणायचा, "जी फळी फार देखणी दिसते ती आधी उलटून बघा. व्यापारी कीड खाली लपवतो." धाकटा पुढं पुढं माणसंही उलटून बघायला लागला. स्वतःच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूसुद्धा त्यानं खालून वर करून पाहिल्या, आणि थोरला हसून हसून बेजार झाला.

हसणं संपलं ते बाप गेल्यावर. धाकट्याला दुकानात मोठं यंत्र आणायचं होतं, कामं झपाझप उरकायची होती. थोरल्याला ते पसंत नव्हतं. रोज धुसफूस चालायची. एके दिवशी गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं असताना धाकट्यानं लावलेलं दार चौकटीत अडकलं, आणि जो माणूस महिनोन्महिने तोंड उघडत नसे त्यानं नेमकं तेव्हाच उघडलं. "तुझ्या हाताला सुतारकी नाही," तो म्हणाला. "नुसती घाई आहे." गिऱ्हाइकांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. बापाच्या दुकानात, बाप ज्यावर रंधा मारायचा त्या ओट्यासमोर.

थोरल्याला त्या रात्री झोप आली नाही. माफी मागायची हे त्याला कळत होतं, पण कशी ते कळेना. जी गोष्ट तोंडातून यायला हवी ती हातातून काढायची ही त्याची जन्माची खोड. बायको आजारी पडली की विचारपूस करायच्या ऐवजी तिच्यासाठी पाट करायला बसणारा माणूस तो. पहाटे उठून त्यानं धाकट्याची सगळी हत्यारं काढली. पटाश्यांना धार लावली, रंध्याचं पातं घासलं, करवतीचे दात एकेक करून कानशीनं घासले, आणि सगळं स्वच्छ फडक्यावर ओळीनं मांडून ठेवलं. त्याच्या मते याहून मोठी माफी जगात नव्हती. धाकटा आला, त्यानं ती मांडलेली हत्यारं पाहिली. त्याला वाटलं, हा सांगतोय, उचल तुझं सामान आणि चालता हो. त्यानं ते फडकं तसंच गुंडाळलं, काखेत मारलं आणि निघून गेला. थोरला हातात चहाचे दोन कप घेऊन उभा होता. पंधरवड्यात कोर्टाचं समन्स आलं.

असा हा माणूस. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, याला नुसते हात दिले आणि जीभ द्यायला विसरला.

एका तारखेला न्यायाधीशांनी फाइलीचा जाडजूड गठ्ठा उचलून पाहिला, खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही दोघं सख्खे भाऊ ना? मध्यस्थीला का जात नाही? कोर्टाचंच केंद्र आहे मागच्या इमारतीत. समोरासमोर बसा, बोला, तुमचं तुम्ही ठरवा. नाही पटलं तर खटला आहेच इथं."

थोरल्याच्या वकिलानं बाहेर आल्यावर तोंड वाकडं केलं. "कशाला भानगडीत पडता? आपली बाजू भक्कम आहे. अजून थोडी कळ काढा." हा वकील कळ काढा म्हणत म्हणतच म्हातारा झाला होता. पण थोरल्याच्या कानात बाकीचं काही शिरलंच नव्हतं. समोरासमोर बसा, बोला. त्यानं तिथल्या तिथं होकार दिला. धाकट्याच्या वकिलानंही आठवड्याभरात दिला.

"तुम्ही बोलणार?" बायकोनं विचारलं. "काय बोलणार?"

"ठरवतोय," तो म्हणाला.

आणि खरंच ठरवत होता. रंधा मारता मारता त्याचे ओठ हलत असायचे. त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं. एवढंच वाक्य होतं, पण ते त्यानं इतक्या वेळा घोटून गुळगुळीत केलं की बायकोलाही पाठ झालं. त्याला घर नको होतं, दुकान नको होतं. धाकट्यानं एकदा वर बघावं आणि पूर्वीसारखं "दादा" म्हणावं, एवढ्यासाठी तो मध्यस्थीला निघाला होता. आयुष्यात माणसाला एखादी तरी गोष्ट मिळावी असं वाटत असेल, तर त्याला ही मिळायला हवी होती.

मध्यस्थीची खोली कोर्टासारखी नव्हती. उंच आसन नाही, पिंजरा नाही. गोल टेबल, पाण्याचे पेले, खिडकीला फिकट पडदा. मध्यस्थ म्हणून एक बाई होत्या, पूर्वी वकिली केलेल्या, बारीक काठाच्या चष्म्यातून शांतपणे बघणाऱ्या. त्यांनी नियम सांगितले. इथं बोललेलं इथंच राहतं, कोर्टात जात नाही. मी निवाडा देणार नाही, मार्ग तुम्हीच काढायचा. कुणावर बळजबरी नाही, कधीही उठून जाता येतं. थोरला मान हलवत होता, पण त्याचं बोट टेबलाच्या खालच्या सांध्यावर फिरत होतं. सांधा ढिला होता. त्यानं बोट काढलं, घसा खाकरला आणि आपलं वाक्य जुळवायला घेतलं.

तेवढ्यात धाकट्यानं खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बाईंना म्हणाला, "मला यांच्यासमोर बसून काही बोलायचं नाही. तुम्हाला विचारायचं ते मला वेगळं विचारा."

यांच्यासमोर. दादा नाही, थोरला नाही, साधा तो सुद्धा नाही. परक्या माणसाला म्हणावं तसं यांच्यासमोर.

बाईंनी समजूत घालून पाहिली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेवटी त्या म्हणाल्या, अशीही पद्धत असते, दोघं दोन खोल्यांत बसा, मी ये-जा करते. धाकटा उठला आणि शेजारच्या खोलीत गेला. थोरल्याचं घोटलेलं वाक्य त्याच्याच तोंडात राहिलं. वर्षानुवर्षं एका बाकावर तरी बसत होते. आता बोलण्यासाठी म्हणून आले आणि मधे भिंत आली.

बाई परत आल्या, दार लोटून त्याच्या समोर बसल्या. "तुम्हाला नेमकं काय हवंय?" त्यांनी विचारलं.

वकिलानं घड्याळ पाहिलं. "त्यानं बोलावं माझ्याशी," थोरला म्हणाला.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ते तडजोडीच्या करारात लिहून घेता येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण तुमची परवानगी असेल तर मी त्यांना हे सांगू शकते."

"नको. नाटक करतोय म्हणेल."

"मग मिळकतीचं काय करायचं?"

तेव्हा त्याला बापाचा नियम आठवला. म्हणजे तो विसरला कधीच नव्हता, पण इथं त्याचा उपयोग होईल हे त्या क्षणी सुचलं. त्यानं बाईंना समजावून सांगितलं. मी घराचे आणि दुकानाचे दोन भाग पाडतो. आधी उचलायचा हक्क त्याचा. जे राहील ते माझं. पुढं कुणी कुरकुर करायची नाही. वकील कपाळाला हात लावून बसला. बाई पलीकडे गेल्या आणि लवकरच परत आल्या. "ते लगेच हो म्हणाले," त्या म्हणाल्या. "आणि जरा हसलेही."

हसला! थोरल्याला त्या दिवशी घरी जाताना रस्ता कसा संपला ते कळलं नाही.

वाटणीचा नकाशा त्यानं दुकानाच्या ओट्यावर पसरला आणि सुताराची चपटी पेन्सिल घेऊन बसला. पुढच्या बाजूला होतं रस्त्यावर उघडणारं दुकान, मोठी खिडकी, बापाचा ओटा, वर हवेशीर खोल्या आणि सगळं डोक्यावर पेलणारी जाडजूड तुळई. मागच्या बाजूला होतं अंगण, पत्र्याची शेड, ओल धरलेल्या दोन खोल्या आणि बाहेर पडायला एक बोळ. तो असा अरुंद आणि मधेच वळलेला की त्यातून लांब फळी आत नेता येत नसे. नियमाप्रमाणं त्यानं वाकडीतिकडी रेघ मारून शेडच्या बदल्यात वरची खोली, ओट्याच्या बदल्यात अंगण असं तोलून मापून करायला हवं होतं. त्यानं मधोमध सरळ रेघ मारली. पुढचं सगळं एका बाजूला, मागचं सगळं दुसऱ्या बाजूला.

बायको खांद्यावरून बघत होती. "हे काय कापलंत? तो पुढचं उचलेल की."

"उचलू दे."

"आणि आपण?"

"मागं."

तिच्या हातून वर्षानुवर्षं सारवलेलं, पुसलेलं, सजवलेलं घर होतं ते. "मागं पाणी गळतं," ती म्हणाली.

"दुरुस्त करीन."

"सरळ त्याला देऊन का नाही टाकत? हे कापायचं सोंग कशाला?"

"दिलं तर तो घेणार नाही," थोरला म्हणाला. "भीक घालतोय म्हणेल. स्वतः उचलल्यावर त्याचं होईल." आणि मग, जणू स्वतःशीच, "कधीतरी त्याला कळेलच की. एखाद्या दिवशी येईल मागं आणि म्हणेल, दादा, हे काय कापलं होतंस?"

बायकोनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "बरं." संसार म्हणजे काय असतं ते या एका शब्दात होतं, पण हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिच्या नवऱ्यानं तर नाहीच.

पुढच्या बैठकीला बाई नकाशा घेऊन पलीकडे गेल्या. थोरला हात जुळवून बसला. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही चालू होत नव्हती. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती.

"त्यांनी मागचा भाग निवडलाय."

"नकाशा उलटा धरला असेल त्यानं," थोरला म्हणाला.

"नाही. मी दोन्ही भाग बोटानं दाखवले. रस्ता कुठं, बोळ कुठं, सगळं."

"पुन्हा एकदा विचारा. पुढचं घे म्हणावं. पुढचं चांगलं आहे."

इथंच चुकलं. बाई पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. "ते म्हणाले, हे तुम्हाला तसंच सांगायचं," त्या म्हणाल्या. "एवढं देखणं कापून वर पुढचं घे म्हणून आग्रह करतोय, म्हणजे खाली नक्की कीड आहे. मी मागचंच घेणार."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो हे ठीक आहे. पण ज्याच्या हातचं दूध अख्खं बालपण पोटभर प्यायला, त्याच्या हातचं ताक सांडून द्यावं? बापानं दोघांना एकाच ओट्यावर शिकवलं, आणि धाकट्यानं शिकलेलं सगळं आज थोरल्यावरच चालवलं.

"तुम्ही मुद्दाम असं कापलंत ना?" बाईंनी विचारलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. "मला परवानगी द्या. मी त्यांना सांगते."

त्यानं विचार केला. सांगितलं तर धाकट्याचा विश्वास बसणार नाही. आणि बसलाच, तर दान म्हणून लाथाडेल आणि उठून जाईल. "नको," तो म्हणाला.

"मग पुन्हा कापू या. सारखं."

"आता कसंही कापलं तरी तो म्हणेल, चोरी पकडली गेली म्हणून फिरवतोय. आणि एकदा कापलेलं पुन्हा कापत नाहीत."

"तुम्हाला सही करायची सक्ती नाही हं," बाई म्हणाल्या. हे त्या पलीकडेही बजावून आल्या होत्या, वकिलासमोर, दोनदा. पण पलीकडचा माणूस जिंकल्याच्या आनंदात होता आणि अलीकडच्याला वाटत होतं, बापाचा नियम मोडला तर मग आमच्या दोघांत उरलंच काय?

सह्यांसाठी तेवढे दोघं एका टेबलाशी आले. धाकट्यानं कागद ओढला, भरभर सही केली, पेन टेबलावर टाकलं आणि वर न बघता निघून गेला. बाईंनी थोरल्याला नमस्कार केला, पण अभिनंदन केलं नाही. वकिलानं मात्र जिन्यावर त्याच्या पाठीत थाप मारली. "काय डोकं लावलंत हो! मी एवढी वर्षं युक्तिवाद करून जे मिळवलं नसतं ते तुम्ही एका रेघेत मिळवलंत!" कोर्टानं तडजोडीप्रमाणं हुकूमनामा केला. त्यावर अपीलही नसतं म्हणे.

गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. थोरल्यानं डाव साधला. गोडीगुलाबीनं भावाला बोळात ढकललं. मुका माणूस आतल्या गाठीचा. वर्षानुवर्षं त्याच्याकडून दारं करून घेतलेली माणसंही दुकानावरून जाताना मान फिरवायला लागली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. धाकटा भाड्याचं बिऱ्हाड सोडून बायकोला घेऊन मागच्या भागात राहायला आला, आणि अंगणाच्या कडेनं त्यानं पुरुषभर उंचीची भिंत घालून घेतली. एकदा बाजारात धाकट्याची बायको समोर आली. ती रस्ता ओलांडून गेली नाही, उलट थांबली. "भावजी, पुढचं सगळं तुम्हाला आणि आमच्या वाट्याला बोळ," ती म्हणाली. "सुखानं राहा." थोरला अर्धीच पिशवी भरून घरी आला.

भिंतीपलीकडून रंध्याचा आवाज यायचा. छोट्या कामाचा आवाज, आखूड फळीवरचा. बोळातून लांब लाकूड आत जात नव्हतं, म्हणजे दारं बंद, चौकटी बंद. धाकटा स्टुलं करत होता, खोकी करत होता. मधेच खोकायचा. ओलीनं खोकला वाढणारच. थोरल्यानं दुकान उघडणं जवळजवळ सोडलं. त्या मोठ्या खिडकीतून आत येणाऱ्या उजेडाची त्याला लाज वाटायची. जेवायला बसला की घास फिरायचा. त्याला वाटायचं, आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, निदान ही वाटणी तरी झाली नसती.

शेवटी एका दुपारी तो उठला. खरं काय ते सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. हात जोडायचे, पाया पडायचं, काय वाटेल ते, पण सांगायचं की हे तुझ्यासाठी कापलं होतं, चल, अदलाबदल करू. बायको म्हणाली, "या वेळी नुसते उभे राहू नका. बोला." तो वळसा घालून बोळात शिरला. भिंतींना हिरवट शेवाळ होतं. दार उघडंच होतं.

धाकटा ओट्याशी होता. त्यानं मान वर केली, आणि थोरल्याला धक्काच बसला, कारण तो हसला. "ये," तो म्हणाला. "ये दादा. मला माहीत होतं तू येशील."

दादा. थोरल्यानं दाराची चौकट धरली.

"बस की." धाकट्यानं एक स्टूल पुढं सरकवलं आणि आत हाक मारली, "अगं, बाहेर ये, बघ कोण आलंय." त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं. तिच्या मागं भिंतीवर ओलीचे डाग चढले होते आणि कोपऱ्यात गळणाऱ्या पाण्याखाली बादली होती. न खपलेली स्टुलं छतापर्यंत रचलेली होती.

"आता तूच सांग हिला," धाकटा म्हणाला. "रोज माझं डोकं खाते. पुढचं का नाही घेतलंत, हातानं धोंडा पाडून घेतलात. मी म्हणतो, अगं, एवढं चांगलं कोण कापून देतं? सख्खा झाला म्हणून काय झालं? आत काहीतरी असणारच. सांग दादा, आता मिटलंय सगळं, आता लपवून काय करायचंय? तुळईच ना? तुळई गेलीय ना आतून?"

तो उत्साहानं बोलत होता. पण त्याचे हात ओट्याची कड घट्ट धरून होते, बोटं पांढरी पडली होती. थोरला लाकडाचा माणूस, त्याला धरलेल्या हाताकडे बघून कळतं की माणूस कशाच्या जोरावर उभा आहे. अदलाबदलीचं बोललो तर हा घेणार नाही, हे त्याला तिथं उभ्या उभ्या उमगलं. घेणार नाही, आणि आपण स्वतःच्या संशयापायी स्वतःला या बोळात गाडून घेतलं, बायकोला इथं आणून टाकलं, हे मात्र याला कायमचं कळेल. आणि तिलाही कळेल. ती दारात उभी राहून थोरल्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचा नवरा खरा की खोटा हे आता तिथून निघणाऱ्या एका शब्दावर होतं.

"हो," थोरला म्हणाला. "वाळवी आहे. मुख्य तुळईतच."

"बघ!" धाकट्यानं ओट्यावर हात आपटला. "बघ, मी सांगत होतो!"

त्याची बायको हळूच खाली बसली. कितीतरी महिन्यांनी तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं असावं, तसं पाहिलं.

"फार दिवस टिकायचं नाही ते," थोरला स्टुलावर टेकत पुढं म्हणाला. त्याला स्वतःचं नवल वाटत होतं, आयुष्यात पहिल्यांदा शब्द आपोआप येत होते. "तू घ्यावंस म्हणूनच तसं कापलं होतं. तू ओळखलंस."

धाकटा हसत होता. मग हसता हसता त्याचं हसू ओसरलं आणि त्याची नजर बदलली. त्या नजरेत राग नव्हता. रागाचं काहीतरी करता येतं. "म्हणजे खरंच," तो म्हणाला. "मला आतून कुठंतरी वाटत होतं की माझंच चुकत असेल. रोज वाटायचं. पण तू खरंच मला वाळवीखाली झोपवायला निघाला होतास." त्यानं रंधा उचलला. "जा दादा आता. पुन्हा येऊ नकोस."

थोरला उठला. स्टूल चांगलं झालं होतं, एकही पाय हलत नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं आणि ते सांगावं असंही वाटलं. पण तो तसाच बोळातून परत आला.

बायको दारातच होती. "बोलला?"

"बोलला. दादा म्हणाला."

तिनं हातातलं भांडं छातीशी धरलं, तिचा चेहरा उजळला. "म्हणजे सांगितलंत एकदाचं! आता येईल ना तो इकडं?"

"नाही," थोरला म्हणाला. "मी त्याला सांगून आलोय की मी त्याला फसवायला निघालो होतो."

तिनं भांडं खाली ठेवलं. मग ती उंबऱ्यावर बसली आणि हाताला धरून त्यालाही शेजारी बसवलं.